पंच्याखालचा सौदा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणाचा ना कोणाचा परदेशप्रवास छापून येतो. त्यात बर्फ असतो, ट्यूलिपची शेतं असतात आणि शेवटी 'पण आपलं ते आपलं' असतं. या वर्षी सेक्रेटरीबाईंनी मला गाठलं. मी म्हटलं, मी इंग्लंडात अठरा दिवस होते खरी, पण त्यातले निम्मे आमच्या ह्यांच्या चेहऱ्याचा रंग बघण्यात गेले. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. तर तेच लिहिते आहे. गावाचं नाव छापू नकोस असं लेकीने बजावलंय, तेव्हा इंग्लंडच्या पूर्वेचं, गव्हाच्या शेतांमधलं एक बाजाराचं गाव, एवढ्यावर भागवून घ्या.

आम्ही बेंगळुरूतल्या यशवंतपूरचे. मूळचे संकेश्वरकडचे, पण ह्यांनी इथल्या मंडीत सुक्या मिरचीची अडत सुरू केली त्याला आता चौतीस वर्षं होतील. मंडीत ह्यांना सगळे अण्णा म्हणतात. हमाल म्हणतात, ऑटोवाले म्हणतात, आणि तेच ऐकत वाढल्यामुळे आमची मुक्ताही बापाला अण्णाच म्हणते. ती आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला नोकरीला होती, मग कंपनीने तिला इंग्लंडला पाठवलं. बेळ्ळंदूरहून घरी यायला तिला दोन-अडीच तास लागायचे, आता एक दिवस लागतो, फार काही फरक नाही, असं हे म्हणतात.

होळीच्या आधीच्या आठवड्यात हे दुकानात पोत्यावर बसले ते उठेनात. अंगाला दरदरून घाम. विचारलं तर म्हणाले, मिरचीचा खकाणा गेला असेल नाकात. हमालांनी उचलून ऑटोत घातलं म्हणून दवाखान्यात वेळेत पोचले. स्टेंट बसला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा खकाणा, ही ओरड, ही धावपळ आता बंद करायची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघूया की." एप्रिलमध्ये विचारलं, बघूया की. जूनमध्ये विचारलं तर सरळ चप्पल घालून मंडीत गेले. दुकान कधी बंद करणार, याची मला फक्त एक तारीख हवी होती. तारीख नाही म्हणून रोज सकाळी दारात ह्यांची चप्पल वाजली की मी हातातलं टाकून बाहेर धावायचे. मुक्ताने ऑगस्टची तिकिटं पाठवली ती याच कामासाठी. मंडीपासून लांब आले की अण्णा बोलतील, असा तिचा हिशेब.

निघताना

जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या. माझ्या पर्समध्ये, ह्यांच्या शर्टाच्या खिशात आणि माझ्या कमरेला, रुमालात बांधून. ह्यांची तयारी वेगळीच होती. विमानतळावर कोटाचे खिसे रिकामे करायला सांगितले तेव्हा आतून कागदाच्या दोन पुड्या निघाल्या. एकीत संकेश्वरी मिरची, दुसरीत ब्याडगी. मालाची वानगी खिशात नसली तर ह्यांना कपडे घातल्यासारखं वाटत नाही.

"एनु इदु?" तपासणीवरच्या बाईंनी विचारलं.

"मेणसिनकाई अम्मा. स्वल्प," हे म्हणाले. म्हणजे मिरची आहे, थोडीशीच.

बाईंनी वास घेतला, दोनदा शिंकल्या आणि पुड्या परत दिल्या. तिकडे उतरल्यावर पकडतील म्हणून मी विमानात दहा तास डोळा मिटला नाही. तिकडे कोणी विचारलंसुद्धा नाही. माझी काळजी बहुतेक वेळा अशीच फुकट जाते. होळीच्या आधीच्या त्या आठवड्यात मात्र मी अजिबात काळजी करत नव्हते, हे मला विसरता येत नाही.

मुक्ताचं घर

मुक्ताचं घर छान आहे, पण गल्लीत आवाज म्हणून नाही. शेजारी माणसं राहतात हे कचऱ्याचा डबा बाहेर आला की कळतं. हे पहाटे पाचला उठून, अंघोळ करून, कोट चढवून, खांद्यावर पंचा टाकून पुढच्या पायरीवर बसायचे. मंडी उघडायची वेळ. "अण्णा, तो टॉवेल तरी काढा ना, लोकांना वाटेल तुम्ही स्विमिंगला चाललात," मुक्ता म्हणायची. हे हसायचे आणि पंचा झटकून परत खांद्यावर टाकायचे.

खाण्याचं सांगायचं तर तिथे सकाळी भाजलेल्या पावावर गोड उसळ घालून खातात. टोमॅटोच्या रसातली, साखर घातलेली उसळ. ह्यांनी पहिला घास घेतला, ताट जरा लांब सारलं, खिशातून एक संकेश्वरी काढली, चुरली आणि दुसरा घास घेतला. "आता झालं खाण्याजोगं," म्हणाले. डॉक्टरांनी तिखट कमी सांगितलं आहे हे मी बोलले नाही, कारण ती त्यांची आठवडाभरातली पहिली मोकळी मुद्रा होती.

रविवारी जेवताना मुक्ताने विषय काढला. "अण्णा, मला सीरियसली बोलायचंय. शॉपचं काय ठरवलंत?"

"मीठ दे जरा," हे म्हणाले.

तिने मीठ दिलं. ह्यांनी जेवण संपवलं, ताट धुतलं (घरी कधी धूत नाहीत) आणि फोन घेऊन बागेत गेले. दुकानातल्या माणसाशी अर्धा तास बोलले. खिडकीतून मला नुसते त्यांचे हात दिसत होते. भाव सांगताना ह्यांची बोटं फोनवरसुद्धा चालतात.

मंगळवारी हे हरवले. फिरायला म्हणून गेले, फोन घरीच. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास झाला. मुक्ता वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. मी कमरेचा रुमाल चाचपत रस्त्यावर आले तर दोन्हीकडे सारखीच घरं, सारखीच दारं, आणि माणूस एक नाही. यशवंतपुरात कोणी रस्त्यात पडलं तर पाच माणसं धावतील आणि दहा बघायला जमतील. इथे हे पडले तर कोणाला कळणार? मी अक्षरशः पळत सुटले. साडी आणि स्पोर्ट्स शूज, कसं दिसलं असेल ते दिसलं असेल.

गावाबाहेर पहिल्याच शेताच्या कडेला हे उभे होते. ट्रॅक्टरवरून उतरलेला एक दाढीवाला शेतकरी समोर, आणि ह्यांनी त्याच्याकडून घेतलेली गव्हाची ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली होती. "माल चांगला हाय," मला बघून म्हणाले, "पण ओला. दोन दिवस थांबायला पाहिजे हेनं." मी शेताच्या कडेला मटकन बसले. मला रडूच आलं. ह्यांनी ती गव्हाच्या दाण्यांची मूठ माझ्यापुढे धरली, काय करावं ते न कळून. तेवढ्यात मला शोधत मुक्ता गाडी घेऊन आली. तिच्याशी बोलताना त्या शेतकऱ्याने सांगितलं, तुझ्या वडिलांना गावातला जुना धान्यबाजार दाखव, गुरुवारी तिथे एक म्हातारा व्यापारी माहिती सांगायला येतो.

गुरुवार, धान्यबाजार

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. मुक्ताने इंटरनेटवर फोटो दाखवले होते. व्यापाऱ्यांचा बाजार बंद पडून कितीतरी वर्षं झाली, आता तिथे कॉफीची दुकानं आहेत. मेलेला बाजार ह्यांना कशाला दाखवायचा? त्या छातीला ते सोसेल का? पण हे सकाळी सहापासून तयार होते. गुरुवार म्हणजे बाजारवार, बाजारवारी उशीर करत नाहीत, असं म्हणाले.

बाहेरून इमारत एखाद्या मोठ्या देवळासारखी, दगडी खांबांची. आत गेलं की एकच प्रचंड दालन, आणि वर सगळं काचेचं छत. मी साबणाच्या दुकानाकडे बघत होते, मेणबत्त्यांच्या दुकानाकडे बघत होते. हे वर बघत होते.

"उजेड उत्तरेचा हाय," ते म्हणाले.

इतक्यात मागून कोणीतरी काठी टेकत आलं. हेच ते माहिती सांगणारे गृहस्थ, मार्टिन. वय ऐंशीच्या पुढचं, टाय नीट बांधलेला, कानात यंत्र. मुक्ताने ह्यांचं वाक्य इंग्रजीत सांगितलं तेव्हा म्हातारबुवा थांबले. म्हणाले, इतकी वर्षं मी लोकांना सांगतो, की ऊन थेट पडलं तर दाण्याचा रंग फसवतो म्हणून छत उत्तरेकडे उघडं ठेवलंय. मी सांगायच्या आधी ओळखणारा हा पहिलाच माणूस.

ह्यांनी मान हलवली. मंडीतही हे ट्यूबलाइटखाली मिरची घेत नाहीत, दारात आणून बघतात. दिव्याखाली लाल रंग खोटं बोलतो, हे ह्यांचं नेहमीचं.

मार्टिननी एका कोपऱ्यात नेलं. तिथे व्यापाऱ्यांचं एक जुनं उंच मेज ठेवलं आहे, अशी पन्नास-साठ मेजं इथे होती म्हणे. शेतकरी लहान पिशवीत वानगी घेऊन यायचा, व्यापारी ती तळहातावर ओतायचा, हुंगायचा, दाणा दाताखाली फोडायचा. भिंतीवर पितळी घंटा आहे. ती वाजल्याशिवाय खरेदी सुरू नाही, परत वाजली की बंद. मार्टिन स्वतः तरुणपणी इथे एका धान्यव्यापाऱ्याकडे कारकून होते, पुढे स्वतः व्यापारी झाले.

ह्यांनी विचारलं, "बंद कसा पडला?" मुक्ताने ते इंग्रजीत विचारताना माझ्याकडे बघितलं. मी कमरेचा रुमाल धरून ठेवला होता.

"हळूहळू," मार्टिन म्हणाले. लोक फोनवर सौदे करू लागले. शेवटच्या गुरुवारी तिघंच व्यापारी आले होते, तरी घंटा वाजवली. "आणि मग तुम्ही काय केलं?" ह्यांनी विचारलं. मार्टिन हसले. पुढचं वर्षभर दर गुरुवारी टाय बांधून इथे येऊन बसत होतो, म्हणाले. बायकोला वाटायचं मी वेडा झालो.

मुक्ताने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा ह्यांनी मार्टिनच्या बायकोबद्दल काही विचारलं नाही. नुसते त्या मेजावर हात फिरवत राहिले. माझ्या मनात आलं, चला, आता निघावं, कुठेतरी आइस्क्रीम खावं. तेवढ्यात ह्यांनी खिशातून पुडी काढली आणि एक संकेश्वरी मिरची मार्टिनच्या हातावर ठेवली. वानगी.

ती कानाशी धरून हलवायची असते. आत बी खुळखुळलं की माल नीट वाळला. हे ती खूण करून दाखवणार, तोवर म्हातारबुवांनी जन्मभराच्या सवयीने मिरची हुंगली, दाताखाली धरली आणि फोडली.

पुढची पाच मिनिटं देवाने कोणावरही आणू नयेत. मार्टिन लाल झाले, डोळ्यांतून पाणी, कानातलं यंत्र खाली पडलं, काठी पडली. कॉफीवाली मुलगी दूध घेऊन धावली. मी भीतीने जिभेखाली ठेवायची गोळी रुमालातून काढलेली, कोणाला द्यायची ते कळेना, कारण आमचे हे मेजाला टेकून छातीवर हात ठेवून वाकले होते. मी किंचाळले असते, पण मग दिसलं की हे हसताहेत. आवाज न करता, खांदे हलवत, होळीनंतर पहिल्यांदा. दूध पिऊन झाल्यावर मार्टिनही हसू लागले. घाम पुसत म्हणाले, माल अव्वल आहे, घेतो, भाव सांगा.

"भाव असा मोठ्यानं सांगत न्हाईत," हे म्हणाले, आणि खांद्यावरचा पंचा काढला.

आमच्याकडे जुने व्यापारी अजून असा सौदा करतात. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर पंचा टाकायचा. आत जितकी बोटं धराल तितका भाव. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही, आणि आत काय ठरलं ते बाहेर सांगायचं नाही. ह्यांनी मार्टिनचा हात पंच्याखाली घेतला. मार्टिनना काही समजेना. म्हणाले, ज्याला येतं अशा कोणाबरोबर तरी करून दाखवा.

"हितं कोण हाय?" हे म्हणाले.

"मला येतं," मी म्हणाले.

मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली. तिला कसं ठाऊक असणार? लग्नानंतरची पहिली चार वर्षं आम्ही संकेश्वरला एका खोलीच्या घरात, सासू-सासरे आणि दोन दिरांबरोबर होतो. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. ह्यांनी मला बोटांची भाषा शिकवली ती तेव्हा. पाण्याचा तांब्या द्यायला गेले की पंच्याआडून दोन बोटं, म्हणजे दोन वाजता मागच्या दारी ये. बेंगळुरूला स्वतःचं घर झालं, मोठ्याने बोलता यायला लागलं, आणि ते राहूनच गेलं.

मी मेजाच्या पलीकडे उभी राहिले. "तू काय घेणार?" ह्यांनी हसत विचारलं.

"पाडवे," मी म्हणाले. "दुकानात अजून किती पाडव्यांची पूजा करणार, ते सांगा."

ह्यांचं हसू थांबलं. मुक्ता पुढे सरकली. व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं, त्या दिवशी दुकानात वह्यांची पूजा असते. इतके महिने मी तारीख मागत होते. असं मागायचं मला सुचलं नव्हतं.

हात पंच्याखाली गेले. माझ्या मनात आकडा पक्का होता, एक. येता पाडवा, आणि बस. हे पाच म्हणतील, पूर्ण हात धरतील, मी एकावर येईन, ते तीन म्हणतील, दोनवर भांडण मिटेल. व्यापाऱ्याची बायको आहे मी, घासाघीस कशी चालते ते मला कळतं. खपायचा भाव कोणी पहिल्यांदा सांगत नसतो.

त्यांचा तळवा ओला होता. मग त्यांनी माझं एक बोट धरलं. एकच. करंगळी.

मला वाटलं चुकून. मी हात हलवला. त्यांनी परत तीच करंगळी धरली आणि माझ्याकडे बघितलं.

मी आनंदाने टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मला हवं होतं ते मागायच्या आधी हातात पडलं होतं. पण चौतीस वर्षांत ह्या माणसाने पहिल्याच बोलीला शेवटचा भाव कधी सांगितला नाही, आणि आज सांगितला, म्हणजे हे सगळे महिने 'बघूया की' म्हणत हे मनात मोजत होते. मी भीत होते तितकेच तेही भीत होते. मी निदान मुक्ताला फोन करून रडत तरी होते. ह्यांनी कोणाला सांगितलं असेल? पुढच्या पाडव्यानंतर, टाय बांधून बसलेल्या मार्टिनसारखे, कोट चढवून पायरीवर बसलेले हे मला दिसले.

मी त्यांची दोन बोटं धरली.

त्यांनी मान हलवली आणि एक धरलं. मी दोन धरली, जरा जोरात. त्यांच्या भुवया वर गेल्या. घेणाऱ्याने भाव वाढवून मागावा, असा सौदा त्यांनी कधी केला नसणार. त्यांनी थोडा वेळ माझी बोटं तशीच राहू दिली. मग सगळा पंजा माझ्या हातावर दाबला. सौदा पटला की असंच दाबतात.

मार्टिनना तेवढं कळलं. ते काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी घंटा वाजवली. कॉफी पिणारी माणसं वळून बघू लागली. "किती? आई, किती ठरलं?" मुक्ता विचारत होती. हे पंचा झटकून खांद्यावर टाकत म्हणाले, "ते सांगत न्हाईत."

परत यशवंतपूर

राहिलेल्या दिवसांत आम्ही समुद्र पाहिला, एक राजवाडा पाहिला, लंडनला पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरलो. त्यातलं माझ्या फारसं लक्षात नाही. त्या गुरुवारी निघताना मार्टिननी मेजावर दाखवायला ठेवलेल्या गव्हाची वानगी एका छोट्या पिशवीत घालून ह्यांना दिली होती. ती आता दुकानात, देवाच्या फोटोपाशी आहे. ह्यांची चप्पल सकाळी वाजते, मी अजून हातातलं टाकून बाहेर धावते. खकाणा जाऊ नये म्हणून तोंडावर पंचा बांधायला लावते, तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत राहतो.

पंच्याखालचं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून हे लिहिण्याआधी मी ह्यांना विचारलं. "लिही की," म्हणाले, "मंडळाचा अंक वाचतंय कोण?" मुक्ताला मात्र अजून सांगितलेलं नाही. पूजेचं सामान आणायला परवा आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दोनातला एक पाडवा होऊन गेलेला असेल.